जेवणाच्या सुट्टीतला भूकंप

आमच्या गावाला एका गोष्टीचा माज आहे. जमीन हलली की किती हलली हे आम्हाला यंत्राच्या आधी कळतं, असा. कोयनानगरच्या अलीकडं, पाटणच्या बाजूला डोंगरात गाव, आणि धरणाच्या शेजारी दोन-तीन पिढ्या काढल्या म्हणून जो तो स्वतःला वेधशाळा समजतो. धक्का बसला की माणूस आधी फोन काढतो. घराबाहेर नंतर पळतो, पळालाच तर. गावच्या ग्रुपवर "कळला का?" पडतं आणि बोली सुरू होते. "दोन-आठ." "हॅट! तीनच्या खाली न्हाई." "माझ्या म्हशीनं रवंथ थांबवलाय, म्हंजे सव्वातीन." खरा आकडा आला की ज्याचा अंदाज जवळचा त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. दुसऱ्या कुठल्या गावानं स्वतःच्या भिंती हलण्यावर पैज लावली असती तर आमीच त्यांना येडं म्हणलो असतो.

या माजाचा फायदा कुणी घेतला नसता तर नवल. गावामागच्या डोंगराच्या धारेपलीकडं दगडाची खाण निघाली. रस्त्याच्या रुंदीकरणाला खडी पाहिजे, म्हणून आधी डोंगराचा एक कोपरा, मग दुसरा, मग आख्खी पाठच सोलून काढली. खाणमालक आमच्या भागातला नाही. तो गावात फक्त पाटीवर आणि वर्गणीच्या पावतीवर दिसतो. दुपारी कामगारांची जेवणाची सुट्टी झाली, माणसं लांब गेली, की सुरुंग उडवतात. धार मध्ये असल्यानं बार कानाला दबका येतो, पायाला मात्र नीट कळतो. आणि कोयनेचा धक्कासुद्धा आवाज करूनच येतो, तोही सुरुंगासारखाच. झालं! गावानं दोन्ही एकाच खात्यावर टाकलं. भांडं पडलं, कोयना. कौल सरकलं, कोयना. कुणाच्या सासूला चक्कर आली तरी कोयनाच.

जिल्हा परिषदेच्या शाळेची मागची खोली या कोयनेच्या खात्यात गेली. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली चीर तिरकी उतरत फरशीपर्यंत आली. माझी भाची त्याच खोलीत बसते, दुसरीत. ती घरी येऊन सांगायची की भिंतीत पेन्सिल ठेवता येते. तिचा बाप, माझा भाऊ, फौजेत, सीमेवर. घरात वहिनी आणि पोरगी. वहिनीनं मला साताऱ्यात फोन केला. "वन्सं, तुमी जगाची पत्रकं लिवता. हितं पोरीच्या डोक्यावर भिंत लोंबतीय, तिचंबी कायतरी लिवा."

मी साताऱ्यात एका संघटनेचं काम करते. काम म्हणजे पत्रकं लिहायची, वाटायची आणि कचेरीपुढं उन्हात बसायचं. शनिवारी एसटी पकडली आणि गावात आले.

वहिनीनं आणि चार आयांनी तोवर हेडमास्तरांना इतकं पिडलं होतं की त्यांनी खोली बंद करून पोरं समाजमंदिरात बसवली होती. तात्पुरती. तालुक्याचा अभियंता येणार, भिंत बघणार आणि कारण लिहिणार. कारण भूकंप असं लिहिलं की मामला सोपा: चिरेत सिमेंट भरायचं, वरून चुना, पोरं परत आत. आणि धारेपलीकडं सुरुंग चालू. कारण सुरुंग असं लिहिलं तर खाणीला जाब द्यावा लागणार. म्हणून त्या एका शब्दावर पोरं कुठल्या भिंतीखाली बसणार ते ठरणार होतं, आणि तो शब्द कुठला असावा हे गावातल्या शहाण्यांनी अभियंता यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

शहाण्यांचे म्होरके आमचे नाना. माझे सख्खे चुलते. तोफखान्यातनं सुभेदार म्हणून रिटायर झाले आणि आता खाणीच्या गेटवर सिक्युरिटी इनचार्ज आहेत. इनचार्ज म्हणजे खुर्ची, शिट्टी आणि एक कुत्रं.

"आवं नाना, दुपारचा धक्का सुरुंगाचा असतो हे तुमाला म्हाईत न्हाई व्हय?" मी त्यांना आमच्या ओट्यावरच गाठलं.

"पोरी, मी तोफंच्या मागं हुबा राहून नोकरी केलीय. बारूद मला कळतं. सुरुंगाची पोझिशन येगळी. त्ये फुस्स करतंय नि बास. त्येच्या मागनं जे येतंय ते कोयना."

"रोज? जेवणाच्या सुट्टीत?"

"भूकंपाला टायमटेबल असतंय का?"

"तेच तर म्हणतीय मी."

नाना कुत्र्याकडं बघून म्हणाले, "साताऱ्याला गेली की पोरींची जीभ लांबती गड्या." कुत्र्यानं शेपूट हलवलं. गावातलं नानांचं बाकीचं श्रोतृमंडळही तेच करायचं.

आता दुसऱ्या शहाण्याकडं येते, कारण त्याच्यावर माझा राग जास्त आहे. नाना निदान खाणीचं खातात आणि खाणीचं बोलतात. शाळेच्या परसात एका संशोधकानं भूकंपमापक पुरला होता. वर निळं प्लास्टिकचं पिंप पालथं, शेजारी सोलर पॅनल, भोवती शेळ्या येऊ नयेत म्हणून तारेचं कुंपण. अशीच यंत्रं त्यानं आजूबाजूच्या आणखी काही गावांत पुरली होती आणि अधूनमधून माहिती उतरवून न्यायला तो जीपनं यायचा. सांगलीचा, तिशीतला, शर्ट कायम खोचलेला. मी त्याला गाठलं तेव्हा तो पिंप उचलून लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता.

"सर, या यंत्राला खरंच कळतं का खाली काय आहे ते?"

एवढं विचारायचा अवकाश, माणूस फुलला. खोटं कशाला बोलू, सांगितलं त्यानं झकास. म्हणाला, माणसानं पाडलेलं सगळ्यात खोल भोक बारा किलोमीटरच्या आसपास जातं आणि पृथ्वीचं केंद्र आहे सहा हजारांहून जास्त किलोमीटर खाली. म्हणजे कुणी तिथं जाऊन बघितलेलं नाही, बघणारही नाही. जे कळलंय ते लाटांनी सांगितलंय. भूकंप झाला की दोन तऱ्हेच्या लाटा पोटातनं निघतात. पहिली ढकलत जाते. दुसरी तिच्यापेक्षा हळू, आडवी हलवत जाते.

मला ते आमच्या एसटीवरनं नीट समजलं. पाटणहून गाडी गच्च भरलेली असते, कंडक्टर मागनं "चला पुढं सरका" म्हणून एक ढकल देतो, आणि ती ढकल माणसामाणसांतनं पार ड्रायव्हरच्या पाठीपर्यंत पोचते. माणूस जागचा हललेला नसतो, ढकल गेलेली असते. ही पहिली लाट. तीच गाडी घाटात वळणावर डावी-उजवी झुकते, तेव्हा ज्यांनी एकमेकांना घट्ट धरलंय त्यांच्यातच झोका एकाकडनं दुसऱ्याकडं जातो. जिथं कुणी कुणाला धरलेलं नाही तिथं तो मरतो. ही दुसरी. घन दगडाचे कण एकमेकांना धरून असतात, म्हणून त्यातनं ती जाते. द्रवात कुणी कुणाला धरत नाही, म्हणून तिथं ती मरते.

"बरोब्बर!" तो म्हणाला. "आता बघा, पृथ्वीच्या एका बाजूला मोठा भूकंप झाला तर विरुद्ध बाजूच्या यंत्रांवर दुसरी लाट सरळ येतच नाही. सावली पडल्यासारखी. मग मध्ये काय असलं पाहिजे?"

"पातळ काहीतरी."

"वितळलेलं लोखंड! एकोणतीसशे किलोमीटर खाली सुरू होतं. आणि त्याच्याही आत पुन्हा घट्ट गोळा. नुसत्या लाटा आल्या कुठं, आल्या नाहीत कुठं, वाकल्या किती, यावरनं हे सगळं. आपल्या पायाखालीसुद्धा तसंच. वर हा काळ्या पाषाणाचा थरावर थर, त्याखाली ग्रॅनाइट. लाट एकातनं दुसऱ्यात गेली की वेग बदलते, आम्हाला कळतं."

त्याचे डोळे चमकत होते. मला क्षणभर तो आवडलासुद्धा. न पाहिलेल्या जागेची इतकी खातरजमा करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते; आमच्यात पाहिलेल्या गोष्टीचीसुद्धा कुणी खातरजमा करत नाही.

"आणि धक्का किती लांबनं आला ते?"

"दोन लाटांमधल्या वेळावरनं. एकेका सेकंदाच्या फरकाला साधारण आठ किलोमीटर धरा. कोयनेचा झोन इथनं जेवढा लांब आहे त्याप्रमाणं दोन्ही लाटा वेगळ्या दिसतात. शिवाय भूकंपात खडक एकमेकावर घसरतो, म्हणून पहिला झटका एका गावाला वर आणि दुसऱ्या गावाला खाली बसतो. स्फोट झाला तर सगळीकडं बाहेरच ढकल, सगळीकडं वरच. आणि दुसरी लाट अगदी बारीक."

"मग दुपारचा जो येतो, त्यात दोन लाटांत फरक किती असतो? आणि तुमच्या सगळ्या गावांत पहिला झटका कुठं, वर का खाली?"

लॅपटॉप बंद झाला. इतक्या अलगद, की भूगर्भाची झोप मोडू नये.

"मॅडम, ते... तसं मी सांगू शकत नाही. आमचा प्रकल्प नैसर्गिक भूकंपांचा आहे. ते सिग्नल आम्ही वगळतो."

"वगळता? म्हणजे ते नैसर्गिक नाहीत हे ओळखता तेव्हाच वगळता ना?"

त्यानं शर्ट पुन्हा खोचला. आधीच खोचलेला होता. "वर विचारावं लागेल," म्हणाला.

हा माणूस! एकोणतीसशे किलोमीटर खाली लोखंड वितळलंय हे छातीठोक सांगतो, कारण तिथला कुणी त्याला फोन करून दम देणार नाही. हाकेच्या अंतरावरच्या खाणीत सुरुंग उडतो हे सांगायला त्याला वर विचारावं लागतं. खाली विचारून सगळं कळतं यांना. वर विचारायची वेळ आली की लॅपटॉप मिटतात. पोटासाठी खोटं बोलणारे मी लय बघितलेत आणि त्यांच्याशी भांडताही येतं. खरं माहीत असून पिंपाखाली झाकून ठेवणाऱ्याशी भांडायचं कसं, हे मला कुठल्या शिबिरात शिकवलेलं नव्हतं.

त्या रागात घरी येऊन पत्रक लिहिलं. खाणमालक, त्याचे पोसलेले, शेपूटहलवे, बोटचेपे, सगळे आले. प्रत्येक वाक्यापुढं उद्गारचिन्ह. वहिनीला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"लय झ्याक हाय," ती म्हणाली. "पर ह्यात शिव्या हायत. भिंत कुठं हाय?"

मी पत्रक फाडलं. वहिनीचा राग आला, आणि फाडलं.

दोन दिवसांनी नाना स्वतः निरोप घेऊन दारात आले. सरपंच आणि नानांनी मिळून अभियंत्याला वार कळवला होता. "सायेब येणार. सगळ्यांनी डिशिप्लिननं वागायचं. तू बी." जाताना मला म्हणाले, "घोषणा-बिषणा न्हाई पायजेत."

वहिनीनं कॅलेंडर बघितलं आणि म्हणाली, "त्या दिवशी तर अवस हाय."

आमच्याकडं अवसेला, म्हणजे अमावास्येला, यंत्राला हात लावत नाहीत. गॅरेजं बंद, ट्रकवाले गाडी धुऊन हार घालून उभी करतात, खाणीवरचा खडी फोडायचा क्रशर तर हमखास बंद. आणि सुरुंगाच्या दारूला त्या दिवशी शिवायला कुठल्या कामगाराची छाती नाही. डबल हजेरी दिली तरी नाही. म्हणजे साहेब येणार, शांत डोंगर बघणार, भिंतीवर हात फिरवणार, चहा पिणार आणि "भूकंप" लिहून जाणार. दुपारी भुई हलून त्याच्या कपातला चहा सांडायला नको एवढ्यासाठी अवस निवडली होती. नानांची ही लष्करी आखणी! मला इतकं हसू आलं की वहिनी म्हणाली, "वन्सं, काय झालं तुमाला?"

"काही नाही. साहेबाला जेवायला थांबवायचं. पिठलं-भाकरी कर."

अवसेच्या दिवशी अभियंता आला. मध्यम वयाचा, दमलेला, कपाळाला रुमाल. संशोधकही आला होता. त्याची माहिती उतरवायची पाळी होती, आणि मी त्याला फोन करून सांगितलं होतं की शेळ्यांनी कुंपण तोडलंय. शेळ्यांनी काही केलेलं नव्हतं. बायका पोरांना घेऊन आल्या. नाना इस्त्रीच्या शर्टात, छातीवर पदकांची पट्टी.

साहेबांनी चीर बघितली. बोट घातलं, आत गेलं. "कोयना बेल्ट आहे," असं पुटपुटून पेन काढलं.

"साहेब, एक विनंती," मी म्हणाले. "आमच्याकडं कोयनेचा धक्का रोज दुपारी जेवणाच्या वेळेला येतो. नाना सांगतील. आता वेळ होतच आलीय. तुम्ही शाळेच्या व्हरांड्यात आमची भाकरी खा आणि स्वतः अनुभव घेऊन लिहा."

"रोज येतो?" साहेबांनी नानांकडं बघितलं.

नाना अडकले. नाही म्हणावं तर आजवरची साक्ष गेली. "येतोय... म्हंजे बहुतेक रोज," म्हणाले.

साहेब बसले. भूकही लागली असणार. वहिनीनं ताट वाढलं. सगळं गाव व्हरांड्याभोवती उभं. कुणी भिंतीला टेकलं नाही. एरवी पैजा लावणारे आज फोन हातात धरून उभे होते. साहेबांची पहिली भाकरी संपली. जमीन थंड. दुसरी आली.

"आज उशीर करतीया कोयना," मागून एक म्हातारी म्हणाली. "गाडी चुकली वाटतं."

फिस्सकन हसू फुटलं. साहेब ताटातनं मान वर करून म्हणाले, "काय हो सुभेदार, येत नाही तुमचा भूकंप?"

आणि नाना चिडून बोलून गेले, "आज कसा यील? आज अवस हाय!"

मग आधी वहिनी हसली, मग म्हातारी, मग सगळ्याच बाया. एकीनं विचारलं, "आवं, कोयना बी अवस पाळती व्हय? उपास बी धरती का?" दुसरी म्हणाली, "धरणाला हार घातला का न्हाई आज?" पैजेवाल्या गड्यांचे चेहरे बघण्यासारखे होते. इतकी वर्षं ज्याचे आकडे सांगितले, ज्याच्यावर चहा प्यायले, त्यातले निम्मे क्रशरच्या जेवणाच्या सुट्टीचे होते. पायातली वेधशाळा बंद पडली त्यांची. मला कुणाचीही दया आली नाही. नानांची तर नाहीच. त्यांनी पदकांवरनं हात फिरवला आणि गर्दीतनं वाट काढत निघून गेले. गेली कित्येक वर्षं त्यांना न विचारता आमच्या घरात लग्न ठरलेलं नाही. त्या दिवसापासनं ते आमच्या ओट्यावर बसलेले नाहीत. बसू नयेत.

साहेबांनी हात धुतला आणि संशोधकाकडं वळले. "तुमचं यंत्र काय म्हणतं?"

सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. तो पिंपाकडं बघत होता.

"लेखी मी काही देऊ शकत नाही," तो म्हणाला.

"तोंडी?"

"तोंडी... आमचा डेटा प्राथमिक आहे."

पृथ्वीच्या पोटातली सावली ओळखणारा माणूस! जीपकडं जाताना माझ्या शेजारी थांबून हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही रीतसर माहिती मागवा. मागवली की मला द्यावीच लागेल. दुपारच्या धक्क्यांत सगळ्या ठिकाणी पहिला झटका वरच आहे." हे एवढं वाक्य त्यानं व्हरांड्यात मोठ्यानं म्हटलं असतं तर! कानात कुजबुजलेल्या खऱ्याचं मी काय करू, लोणचं घालू? अर्ज मी केला. त्याचे आभार मानले नाहीत.

तिकडं साहेबांनी कारणासमोर लिहिलं, "भूकंप व इतर." मी वाकून वाचलं आणि तोंड उघडणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, सुरुंग लिहिला तर उद्या मला इथनं हलवतील, आणि जो नवा येईल तो भिंत न बघता लिहील. कारण काय ते मागाहून बघा. आधी पोरं बाहेर राहू देत."

मी भांडायला लागले. "व इतर" म्हणजे काय, इतर कोण, त्याला आई-बाप आहे का, असं बरंच. साहेब ऐकून घेत होते. असली भांडणं त्यांनी पुष्कळ ऐकली असणार. वहिनीनं माझा दंड धरून मला मागं ओढलं आणि पुढं झाली. पदराला पिठलं लागलेलं.

"सायेब, पोरं बाहीरच हायत," ती म्हणाली. "कारण तुमचं तुमी ऱ्हाऊ द्या. फकस्त येवढं लिवा, की उद्या ह्या खोलीत पोरं परत बसवायची तर कोण बसवणार. त्येचं नाव लिवा, आन् खाली त्येची सही घ्या."

साहेबांनी सरपंचाकडं बघितलं. सरपंच हेडमास्तरांकडं बघायला लागला. हेडमास्तर आभाळाकडं. नाव द्यायला कुणीच तयार होईना. मग साहेबांनी सावकाश लिहिलं की ही खोली वापरास अयोग्य आहे आणि पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावी. वहिनीनं ते मोठ्यानं वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा वाचायला लावलं, मागं उभ्या असलेल्या बायांना ऐकू आलं नव्हतं म्हणून.